एका घरात दोन कुटुंबे : परवानगीचा मार्ग



आम्ही बँकेत कारकून आहोत. इंजिनिअर नाही आणि वकीलही नाही. परंतु गृहकर्जाच्या फाइली आमच्या टेबलावरून जातात व त्यांतील पुष्कळ फाइली एकाच कारणाने परत फिरतात. ते कारण म्हणजे मंजूर नकाशा नाही. म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलणार आहोत.

१८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या व नंतरच्या गिरण्यांत राबलेल्या पिढ्यांनी इंदोरा, बेझनबाग, लष्करीबाग अशा वस्त्यांत पै-पै जोडून घरे उभी केली. आता त्याच घरात दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडे आहेत. चूल वेगळी होते, मधे भिंत येते, वर दोन खोल्या चढतात. घरात भिंत उभी राहते, कागदावर मात्र काहीच बदलत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नवे बांधकाम तर सोडाच, इमारतीत किंवा तिच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हाही 'विकास' आहे व त्याला पूर्वपरवानगी लागते. विनापरवानगी बांधकामाला कलम ५३ ची नोटीस येऊ शकते. पुष्कळ लोक म्हणतात, "आमचे दोन वीजमीटर आहेत, घरटॅक्सही दोन नावांनी भरतो." बंधूंनो, टॅक्सची पावती म्हणजे बांधकामाची मंजुरी नव्हे. भावाभावांतील वाटणीपत्र म्हणजेही मंजुरी नव्हे.

मग सुरुवात कोठून करावी? प्रथम आपला प्लॉट कोणाच्या अखत्यारीत आहे ते पाहावे. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेले नागपूर सुधार प्रन्यास की महानगरपालिका, हे विचारून घ्यावे. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर पट्ट्याची मुदत व नूतनीकरण तपासावे. विकास आराखड्यात प्लॉट रहिवासी विभागात आहे का, त्यावर आरक्षण आहे का, हेही पाहावे. ५७२ व १९०० अभिन्यास ही नावे नागपूरकरांना पाठ आहेत. अशा लेआउटमध्ये नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आर. एल., हाती नसेल तर पुढचे पाऊल पडत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या विकासाला नियमितीकरणाची वाट मिळाली आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली. तिच्यात लहान प्लॉटधारकांची सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, अटी पाळून, नकाशा दाखल करून व शुल्क भरून काम सुरू करता येते. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत मंजुरीची तरतूद आहे. दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० आहे, म्हणजे १५० मीटरच्या प्लॉटवर १६५ मीटर. खाली एक व वर एक कुटुंब राहू शकेल एवढे हे क्षेत्र आहे. प्लॉटचेच दोन तुकडे करण्यापेक्षा मजले वाटून घेणे बहुधा सोपे पडते.

परंतु मोठी अडचण नकाशात नसते, ती मालकीत असते. आमच्या घराचेच सांगतो. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले घर, मृत्युपत्र नाही. आम्ही दोघे भाऊ राहणार, म्हणून सर्वांनी धरून चालले की बहीण हक्कसोडपत्रावर सही करील. बहिणीने विचारले, "सही करते, पण आई कुठे राहणार ते आधी लिहा." १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बापाच्या अशा मिळकतीत आई, मुलगे व मुली यांचा सारखा वाटा असतो. बहिणीचा प्रश्न भावनेचा होता तसाच कायद्याचाही होता. तेव्हा तळमजल्यावर आईची खोली नकाशात दाखवली व तिचा हयातभर राहण्याचा हक्क नोंदणीकृत कागदात लिहिला. मग सही झाली. पुढे बाहेरचा जिना बाजूच्या मोकळ्या जागेत येतो अशी त्रुटी निघाली. जिना आत घेतला. एक खोली लहान झाली, परंतु कर्ज मंजूर झाले.

अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागावीत. कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे कायदा मानतो, पण नकाशा नियमांत बसत असेल तरच. म्हणून पोच जपून ठेवावी. दलालाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडेच जावे. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेण्यास विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज आता संगणकावर भरायचे असतात व तेथे आपले वडीलधारे अडतात. रविवारी दोन तास तुम्ही या सभागृहात बसलात, वस्तीतील माणसांचे कागद वाचून दिलेत, तर कित्येक घरे वाचतील. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते केवळ परीक्षेपुरते नव्हे.

आणि सभासदांना एकच विनंती. भिंत घालण्याआधी नकाशा काढा. नकाशा काढण्याआधी आईला व बहिणीला विचारा.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम.