हेडफोन आणि ध्वनिवर्धक

आमचा पडाव ग्वाल्हेरच्या रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. रात्री गाड्यांची वर्दळ जरा विसावली म्हणजे गाणे ऐकावे, ही माझी जुनी सवय. अशाच एका रात्री माझा एक माजी विद्यार्थी आला. तो गाणे शिकतो. पंडित कृष्णराव शंकर पंडितांचे गायन ऐकताना त्याच्या हेडफोनमधून तंबोऱ्याचा खर्ज अलीकडे ऐकू येईनासा झाला होता. ध्वनिवर्धक जोडा, असा सल्ला त्याला एका दुकानात मिळाला होता. शिकवण्यांची दोन महिन्यांची मिळकत त्यात जाणार होती. "सर, आवाज खरोखर सुधारतो का?" असे त्याने विचारले.

आम्ही एका स्नेह्याचा ध्वनिवर्धक आणून पाहिला. जोडताच मुलगा उद्गारला, "केवढा फरक!" फरक होता खरा, पण आवाज चढलाही होता. हलक्या आवाजात खर्जाचे स्वर कानाला फार क्षीण भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले आहे. साहजिकच किंचित चढलेला आवाज भरदार वाटतो. मी व्होल्टमापक लावून दोन्हींची पातळी सारखी केली, त्याला पाठमोरे बसविले आणि दहा वेळा विचारले. पाच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती!

शिक्षकाला हिशेबाची खोड असतेच. मोबाइलमधून एक व्होल्ट मिळतो असे धरू. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती लाभते. ती सहसा पुरून उरते. ३०० ओहमच्या वाट्याला जेमतेम ३ येतात. असा हेडफोन मुळात मंद असेल, तर तान चढताच आवाज अपुरा पडतो. तेथे ध्वनिवर्धक खरा उपयोगी. मात्र ध्वनिमुद्रणात जे उतरलेच नाही, ते तो कोठून आणणार? १९२५ पूर्वीच्या तबकड्या तर विजेवाचून, नुसत्या कर्ण्यातून कोरलेल्या.

शिवाय शक्ती हाताशी आली की आवाज चढविण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलच्या श्रवणाला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. ९० डेसिबलला अवघे ४ तास उरतात. गवयाला तर कान जन्मभर पुरवायचे असतात.

मुलाचा हेडफोन ३२ ओहमचाच निघाला. मग खर्ज गेला कोठे? मी तो हातात घेऊन न्याहाळला. कानावरच्या गाद्या चिरल्या होत्या. फटीतून हवा निसटली की पहिला जातो तो खर्जच. त्याने नव्या गाद्या बसविल्या, आणि दुसऱ्या रात्री तंबोरा ऐकविण्यासाठी तो हेडफोन घेऊन पुन्हा माझ्याकडे आला.