युरोपच्या प्रवासाची आखणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



१८८८ साली मोहनदास करमचंद गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या ज्ञातीची सभा भरली. समुद्रगमन धर्मबाह्य आहे असे बजावूनही तरुण ऐकेना, म्हणून त्यास वाळीत टाकण्यात आले, आणि जो कोणी त्यास निरोप देण्यास बंदरावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरला. १८९१ साली परतल्यावर बंधूंनी त्यांस नाशिकास नेऊन गोदास्नान घडविले, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. ज्ञातीच्या सभा त्या काळी समुद्र ओलांडू नये म्हणून भरत. आपली आजची सभा तो कसा ओलांडावा हे ऐकण्यास भरली आहे. चिटणिसांनी विषय कळविला तेव्हा हा योग आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

प्रायश्चित्ताचे भय गेले, तरी पैशाचे आणि शरीराचे भय उरलेच आहे. आपल्या ज्ञातीत नोकरदार आणि निवृत्तिवेतनावर जगणारी कुटुंबे अधिक. हाती आलेल्या फंडातून काही रक्कम बाजूस काढून पतिपत्नींनी एकदा युरोप पाहून यावा, अशी इच्छा घरोघरी असते. आणि दुसऱ्यांदा जाणे बहुतेकांच्या नशिबी नसते. म्हणून जी एक खेप घडावयाची ती कशी घडावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. बारा दिवसांत सातआठ देश उरकून आलेल्या कित्येकांस आम्ही विचारून पाहिले आहे. बसची खिडकी आणि सकाळची न्याहारी यांपलीकडे त्यांस फारसे सांगता येत नाही. आम्ही प्रवासी कंपन्यांस नावे ठेवीत नाही. ज्यांस स्वतःची बॅग उचलवत नाही, किंवा दोन्ही वेळा वरणभात मिळाल्यावाचून ज्यांचे चालत नाही, त्यांनी त्यांच्याच छत्राखाली जावे हे उत्तम. परंतु ज्यांचे गुडघे अद्याप शाबूत आहेत आणि ज्यांस वेळापत्रक वाचता येते, त्यांनी स्वतः आखणी करण्यास हरकत नाही.

आखणीस बसताना प्रथम भिंतीवरचा नकाशा काढावा. तिकिटांचे दर मागाहून पाहता येतात. नकाशावर पाहावयाच्या गावी टाचण्या टोचल्या म्हणजे बहुधा चांदण्यांसारख्या चोहीकडे पसरतात. मग त्यांतून अशी एक रेघ ओढावी, की जी मागे वळत नाही. रेघेत न बसणाऱ्या टाचण्या निर्दयपणे काढून टाकाव्या. आम्ही उभयतांनी आखणी केली तेव्हा पॅरिस आणि व्हिएन्ना ही दोन्ही अशीच गळाली. उरलेली रेघ उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ उतरली : लंडन, हॉलंड, कोलोन, ल्युसर्न, फ्लॉरेन्स, रोम आणि शेवटी सिसिलीतील पालेर्मो. एकंदर तेवीस रात्री. जाताना मुंबईहून लंडनास उतरावयाचे आणि येताना रोमहून निघावयाचे, असे विमानाचे एकच तिकीट मिळते. जेथून आलो तेथेच परत गेले पाहिजे असा नियम नाही. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक लोक दोन दिवस व्यर्थ दवडतात.

रेघ ठरल्यावर वाहनाचा विचार. येथे एकच कसोटी लावावी, ती अशी की, या दोन गावांमधील प्रदेश आपणांस पाहावयाचा आहे, की नुसता ओलांडावयाचा आहे? पाहावयाचा असेल तर सावकाश जाणारे वाहन, ओलांडावयाचा असेल तर वेगाचे. दर आणि तास यांचा हिशेब त्यानंतर.

कोलोनहून दक्षिणेस जाणारी उदाहरणे घ्या. कोलोन ते फ्रँकफुर्ट हा अतिवेगवान लोहमार्ग २००२ साली सुरू झाला. गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते, आणि प्रवाशास बोगदे व मोटाररस्ता यांचे दर्शन घडते. त्याच २००२ साली युनेस्कोने बिंगेन ते कोब्लेंट्स हे ऱ्हाईन नदीचे खोरे जागतिक वारशात घेतले. जुना लोहमार्ग याच खोऱ्यातून, अगदी नदीच्या काठाने जातो. द्राक्षांचे मळे, टेकड्यांवरचे किल्ले, मालाचे पडाव हे सारे खिडकीत बसून दिसते. तास-दीड तास अधिक लागतो, इतकेच. वेळापत्रकात केवळ लवकर पोहोचणारी गाडी शोधणाऱ्यास ऱ्हाईन कधीच दिसावयाची नाही. गाडी कोब्लेंट्स व माइन्ट्स यांवरून जाते ना, एवढे पाहून घ्यावे.

हीच गोष्ट गोटहार्डची. आल्प्सच्या पोटातून काढलेला ५७ किलोमीटरांचा बोगदा २०१६ साली खुला झाला. जगातील आगगाडीच्या बोगद्यांत तो सर्वांत लांब. आमचा कल त्याकडे होता, हे खरे. शिक्षकास विक्रमाचे आकडे फार आवडतात. तथापि आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "डोंगर पाहण्यास इतक्या दूर जावयाचे आणि त्याच्या पोटातून काळोखात जावयाचे, यात पाहिले काय?" या प्रश्नास उत्तर नव्हते. १८८२ सालचा जुना मार्ग अद्याप चालू आहे. बाझेल व झ्युरिक येथून लोकार्नोकडे जाणारी गाडी २०२० च्या डिसेंबरापासून त्याच मार्गाने जाते. चढण साधण्यासाठी हा मार्ग डोंगरातच वेटोळे घेत वर चढतो, त्यामुळे वासेन गावचे छोटे देऊळ तीन निरनिराळ्या उंचींवरून तीनदा दिसते : आधी आपल्या माथ्यावर, मग समोर, मग पायाखाली. खंडाळ्याच्या घाटात खिडकीस नाक लावून बसलेल्या कोणासही या देखाव्याची गोडी निराळी सांगावी लागणार नाही. माथ्याजवळ पंधरा किलोमीटरांचा बोगदा याही मार्गास आहे, पण तो चढून गेल्यावर.

समुद्राचे दोन प्रसंग या रेघेवर येतात. इंग्लंडातून खंडावर जाण्यास १९९४ पासून समुद्राखालून आगगाडी आहे. लंडनहून ती सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसास पोहोचविते. आम्हांस हॉलंडास जावयाचे असल्यामुळे आम्ही रात्रीची बोट घेतली. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून गाडीने हॅरिच बंदर, तेथून रात्री अकराच्या सुमारास सुटणारी बोट, आणि सकाळी आठच्या सुमारास हूक ऑफ हॉलंड. आगगाडी आणि बोट मिळून एकच तिकीट निघते. रात्रीच्या फेरीस केबिन घ्यावीच लागते, परंतु तेवढेच एका रात्रीचे हॉटेलचे भाडे वाचते. घड्याळाने पाहता नऊ तास होतात, प्रत्यक्षात आठच. कारण हॉलंडचे घड्याळ इंग्लंडच्या पुढे एक तास असते. हा एक तास ध्यानात न धरल्यास पहाटेची झोप अपुरी राहते. बंदरावरून रॉटरडॅमला पूर्वी आगगाडी जाई. २०१९ पासून मेट्रो जाते.

दुसरा प्रसंग मेसिनाच्या सामुद्रधुनीचा. रोमहून सिसिलीस जाणाऱ्या आगगाडीचे डबे व्हिला सान जोव्हान्नी येथे सुटे करून बोटीच्या पोटातील रुळांवर ढकलतात, आणि पलीकडे मेसिनास पुन्हा जोडतात. पाणी जेमतेम तीन किलोमीटरांचे, पण जोडतोडीसह तास-दीड तास सहज जातो. प्रवाशांस डब्यातून उतरून वर डेकवर जाता येते. रोम ते पालेर्मो हा सारा प्रवास अकरा-बारा तासांचा. विमानास एक तास पुरतो. आम्ही जाताना आगगाडी आणि येताना विमान घेतले, कारण परतीच्या वेळी तोच प्रदेश पाहावयाचा उरला नव्हता.

आता परवान्यांचे रूक्ष प्रकरण, ज्यात चूक महागात पडते. शेंगेन करारात २०२५ पासून २९ राष्ट्रे पूर्णतः सामील आहेत. स्वित्झर्लंड त्यांत आहे, ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. शेंगेनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला, तर मध्येच लंडनास जाऊन परत खंडावर येता येत नाही. म्हणूनच लंडन आरंभी घ्यावे किंवा शेवटी, मधोमध घेऊ नये. अर्ज कोणत्या देशाकडे करावा याविषयीही गैरसमज फार. जेथे प्रथम पाऊल पडते त्या देशाकडे तो करावयाचा नसून जेथे मुक्काम अधिक त्या देशाकडे करावयाचा असतो. मुक्काम समसमान असेल तरच पहिल्या प्रवेशाचा विचार होतो. आमच्या रेघेत हॉलंडच्या तीन, जर्मनीच्या दोन, स्वित्झर्लंडच्या तीन आणि इटलीच्या दहा रात्री होत्या. म्हणजे अर्ज इटलीकडे. तो प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो झाले. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. यास्तव व्हिसा हाती पडेपर्यंत हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्यावी, आणि परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत, मग ती कितीही स्वस्त दिसोत.

रेल्वेचा युरेल पास घ्यावा की सुटी तिकिटे, असे पुष्कळांनी विचारले. साठीच्या पुढील प्रवाशांस पासावर दहा टक्के सूट असते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथे पासधारक बहुतेक गाड्यांत आरक्षणावाचून चढू शकतो. इटलीच्या वेगवान गाड्यांत मात्र पास असूनही आरक्षणाचे पैसे निराळे. लांबचे दिवस चार-पाचच असतील तर कागदावर दोन्ही बेरजा मांडाव्या, आणि जी कमी भरेल ती घ्यावी.

युरोपात गाड्या घड्याळासारख्या धावतात, ही समजूत आपण घरी ठेवून जावे. जर्मनीतील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली सुमारे बासष्ट टक्केच वेळेवर पोहोचल्या. गाडी बदलताना दहा मिनिटांचे अंतर तरुणांस पुरते. आपणांस निदान पाऊण तास हवा. आणि परतीच्या मोठ्या विमानापूर्वीची रात्र त्याच शहरात काढावी. पालेर्मोहून येणारे स्वस्त विमान कदाचित रोमच्या चांपिनो तळावर उतरेल आणि मुंबईचे विमान फ्युमिचिनोहून सुटेल. दोन्हींची तिकिटे वेगवेगळी असली, तर पहिल्यास झालेल्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. आमच्या दहा इटालियन रात्रींपैकी शेवटची रोममधील रात्र केवळ एवढ्यासाठी होती.

सामानाविषयी एकच कसोटी. हमाल मिळत नाही, गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, आणि डब्याच्या पायऱ्या कित्येक ठिकाणी उंच असतात. बॅग भरल्यावर ती उचलून घराचे दोन जिने न थांबता चढून पाहावे, आणि हे पतिपत्नींनी आपापल्या बॅगेनिशी करावे. लोणच्याची बरणी प्रथम बाहेर येते, असा आमचा अनुभव आहे.

लंडनात चार रात्री का, असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जेथे डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत १९२१-२२ साली राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तेथे गेल्यावर घाईने निघवत नाही.

आमच्या आखणीचा नकाशा, टाचण्यांसह, आणि रात्रींचा तक्ता सभागृहाबाहेरच्या टेबलावर मांडला आहे. ज्या कुटुंबांस येत्या मे किंवा सप्टेंबर महिन्यात निघावयाचे असेल, त्यांनी भोजनानंतर तेथे यावे. आणि येताना पासपोर्टाची मुदत पाहून यावे, कारण युरोपातून परतण्याच्या तारखेपुढे ती निदान तीन महिने असावी लागते.