आत्मरक्षणाचा फवारा : निवड आणि वापर

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे छापलेला विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वाचन, गणित, पटनोंदणी, पोषण आहार हे आपले नित्याचे विषय. त्यांच्या पंक्तीला तिखटाच्या फवाऱ्याची डबी कशी येऊन बसली, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु शाळा चालावयाची तर शिक्षिका शाळेपर्यंत निर्भयपणे पोहोचली पाहिजे आणि सायंकाळी निर्भयपणे परतली पाहिजे. एस. टी. चा थांबा एकीकडे, वाडी दुसरीकडे आणि मध्ये दोन-तीन किलोमीटरची निर्मनुष्य वाट, अशी परिस्थिती आपल्या कित्येक भगिनींची आहे. म्हणून हा विषय शिक्षणाबाहेरचा आहे असे मी मानीत नाही.

मी १९९३ साली नोकरीस लागले तेव्हा माझ्या आईने माझ्या पिशवीत तिखटाची एक पुडी ठेवून दिली होती. एके दिवशी वाटेत भटकी कुत्री अंगावर धावून आली. मी पुडी सोडली आणि मूठभर तिखट उधळले. वारा समोरून वाहत होता, याचे भान राहिले नाही. कुत्री पळाली की नाही ते मला दिसलेच नाही. कारण सारे तिखट माझ्याच डोळ्यांत आले होते. पुढे अर्धा तास विहिरीच्या काठी डोळे धूत बसले. साधन जवळ असणे आणि ते वापरता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा मला त्या दिवशी मिळावयास हवा होता. खेदाने सांगावे लागते की तो पुरता मिळाला नाही.

काही वर्षांपूर्वी एका द्विशिक्षकी शाळेतील तरुण शिक्षिका माझ्याकडे आल्या. ओढ्याजवळच्या वळणावर एक मोटारसायकलस्वार सलग चार दिवस सायंकाळी त्यांची वाट अडवून उभा राहत होता. मी कामाच्या गर्दीत होते. "फवाऱ्याची एक डबी विकत घेऊन जवळ ठेवा," एवढे सांगून मी त्यांची बोळवण केली. त्यांनी डबी घेतली. पाचव्या दिवशी तो मनुष्य गाडीवरून उतरून त्यांच्या दिशेने चालत आला, तेव्हा ती डबी पिशवीच्या तळाशी, जेवणाचा डबा आणि वह्यांच्या खाली होती. ती हाती आली तो तिची कळ उघडेना. सुदैवाने शेळ्या घेऊन एक म्हातारे गृहस्थ त्याच वाटेने आले आणि तो मनुष्य निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्या बाई मला म्हणाल्या, "मॅडम, वस्तू घ्या म्हणून सांगितलंत, ती वापरायची कशी, ते कुणीच सांगितलं नाही."

तीस वर्षे अध्यापनाच्या क्षेत्रात घालविलेल्या मला याहून कठोर शब्द कोणी ऐकविले नव्हते. पाटी हातात दिली म्हणजे अक्षर येत नाही, हे आपण पालकांना सांगत असतो. मी मात्र डबी घ्यावयास सांगितली आणि शिकविले काहीच नाही. आजचे भाषण हे त्या चुकीचे परिमार्जन समजावे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. बाजारात तिला पेपर स्प्रे म्हणतात. या इंग्रजी नावातील 'पेपर' म्हणजे मिरी. तथापि डबीत मिरी नसते, मिरचीचा अर्क असतो. मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे आली आणि मिरीसारखी तिखट म्हणून मिरची ठरली. इंग्रजांनीही नावाचा तोच घोळ केला. मिरचीच्या तिखटपणाचे मूळ कॅप्सायसिन या द्रव्यात आहे. उष्णतेची जाणीव करून देणारे जे ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतात, त्यांनाच हे द्रव्य चेतविते. त्यामुळे प्रत्यक्ष चटका नसताना चटका बसल्याची वेदना होते. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी शोधून काढला आणि त्यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. फवारा तोंडावर बसताच डोळे आपोआप मिटतात, खोकला येतो, श्वास कोंडल्यासारखा होतो. हा परिणाम साधारणतः अर्धा-पाऊण तास राहतो व नंतर ओसरतो. म्हणजे ही वस्तू शत्रूला जायबंदी करण्यासाठी नाही. आपल्याला निसटून जाण्यास अवधी मिळावा म्हणून आहे. पुढील सर्व नियम या एकाच गोष्टीतून निघतात.

आता निवड. डबीवर घटकद्रव्याचे नाव, उत्पादकाचे नाव आणि मुदतीची तारीख छापलेली असावी. मुदत संपलेल्या डबीतील दाब उतरतो. अर्क जागेवर असतो, पण फवारा लांब जात नाही. वेष्टणावरील मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. तिखटपणा मोजण्याची रीत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये बसविली. पुष्कळदा डबीवर छापलेला स्कोव्हिलचा आकडा मूळ अर्काचा असतो. डबीतील मिश्रण त्याहून कितीतरी पातळ असते. फवाऱ्याचे प्रकारही निरनिराळे आहेत. धुक्यासारखा पसरणारा फवारा नेम चुकला तरी लागतो, परंतु वाऱ्याने सहज मागे फिरतो. सरळ धार सोडणारा किंवा चिकट जेलचा फवारा वाऱ्याला तितकासा जुमानत नाही. मात्र त्याला नेम लागतो. माळरानाच्या, घाटाच्या आणि नदीकाठच्या आपल्या वाटांना धारेचा किंवा जेलचा प्रकार अधिक सोयीचा, असे माझे मत आहे. डबी मुठीत मावणारी असावी आणि तिची कळ न पाहता, केवळ अंगठ्याने उघडता यावी. दुकानातच ती चार-पाच वेळा उघडून व मिटवून पाहावी. घरी तिखट पाण्यात कालवून बाटलीत भरण्याचा प्रयोग कोणी करू नये. तोटी ऐन वेळी तुंबते आणि भरड कणांनी डोळ्याच्या बुबुळाला इजा होऊ शकते.

निवडीहून सराव महत्त्वाचा. शक्य असल्यास दोन डब्या घ्याव्यात, एक सरावासाठी आणि एक जवळ बाळगण्यासाठी. मोकळ्या रानात, मुले व गुरे जवळपास नसताना, वारा पाठीवर घेऊन सरावाची डबी झाडाच्या खोडावर सोडून पाहावी. फवारा किती लांब जातो, किती क्षण टिकतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून कळत नाही. लहान डबीचा पल्ला बहुधा दोन-तीन मीटरच असतो. नंतर दररोज वाटेला लागताना डबी पिशवीत न ठेवता हातात किंवा सहज हात जाईल अशा खिशात ठेवावी. उन्हात तापणाऱ्या मोटारीत अथवा चुलीजवळ ती कधीही ठेवू नये. दाबाची डबी उष्णतेने फुटते.

प्रत्यक्ष प्रसंग आलाच तर क्रम असा असावा. प्रथम मोठ्या, स्पष्ट आवाजात "तिथंच थांबा, जवळ येऊ नका," असे बजावावे. पुष्कळ वेळा आवाजानेच काम भागते, आणि पुढे साक्षीलाही तो आवाज उपयोगी पडतो. तरीही तो मनुष्य पुढे आला तर हात लांब करून डोळ्यांच्या रोखाने एक-दोन क्षण फवारा सोडावा आणि लगेच बाजूस सरावे. कारण आंधळा झालेला मनुष्यही झेप सरळ पुढे घेतो. त्यानंतर काय झाले ते पाहत उभे राहू नये. वस्तीकडे धावावे आणि ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. नशेत असलेल्या माणसावर परिणाम उशिरा किंवा कमी होतो, हेही ध्यानात असावे. वारा समोरून असेल तर फवाऱ्याचा मोह सोडून पळ काढणेच शहाणपणाचे. विहिरीवरचा माझा अर्धा तास आठवावा.

फवारा आपल्याच डोळ्यांत उडाला तर डोळे चोळू नयेत. मोकळ्या हवेत येऊन पापण्यांची उघडझाप करीत भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. त्वचा साबणाने धुवावी. तूप किंवा तेल लावू नये. हा अर्क तेलात विरघळतो आणि अधिकच पसरतो. दमेकऱ्याला फवारा लागल्यास अथवा डोळ्यांची आग तासाभरात न ओसरल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

कायद्याविषयी दोन शब्द. आपल्या देशात हा फवारा बाळगण्यास परवाना लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खाजगी संरक्षणाचा हक्क सांगितला आहे. परंतु संरक्षणास आवश्यक तेवढाच प्रतिकार करता येतो. हल्ला टळल्यावर रागापोटी, भांडणात किंवा धाक घालण्यासाठी फवारा वापरणे हा अपराध ठरू शकतो.

शाळेच्या आवारात मात्र विशेष दक्षता हवी. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत तेलंगणाच्या विधेयकावेळी एका सदस्याने हा फवारा सोडला, तेव्हा सभागृहातील अनेकांना त्रास झाला आणि काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले. एवढ्या प्रशस्त सभागृहाची ही कथा, तर चाळीस मुलांच्या आपल्या खोलीची काय असेल याचा विचार करावा. शाळेत पाऊल ठेवताच डबी कपाटात कुलूपबंद करावी आणि निघताना आठवणीने बरोबर घ्यावी. प्राथमिक शाळेतील मुलामुलींच्या हाती ती देऊ नये. त्यांना मोठ्याने ओरडणे, पळणे आणि विश्वासाच्या माणसाला सांगणे शिकवावे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवावा.

शेवटी मुख्याध्यापक बंधूंना आणि माझ्यासारख्या पर्यवेक्षकांना एक विनंती. डबी ही अखेरची गोष्ट आहे, पहिली नव्हे. एखादी भगिनी वाटेतल्या भीतीविषयी बोलू लागली तर तिचे म्हणणे त्याच दिवशी लिहून घ्या. पाठलाग करणे हा संहितेच्या ७८ व्या कलमान्वये गुन्हा आहे. तिची संमती घेऊन पोलीस ठाण्यास कळवा. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवा, एकाच वाटेने जाणाऱ्या शिक्षकांची सोबत जमवून द्या, आणि सायंकाळची बैठक एस. टी. च्या शेवटच्या गाडीपूर्वी संपवा. यातील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

त्या शिक्षिकेच्या बाबतीत मी हे सारे केले, परंतु पाचव्या दिवसानंतर. पहिल्याच दिवशी करावयास हवे होते. त्यांची सोबत जमली, पोलिसांनी त्या मनुष्याला समज दिली, आणि त्या आजही अध्यापन करीत आहेत. शेळ्या घेऊन येणारे ते म्हातारे गृहस्थ त्या सायंकाळी दुसऱ्या वाटेने गेले असते तर काय झाले असते, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, यास्तव एवढा वेळ घेतला. चहापानानंतर मैदानात सरावासाठी पाण्याने भरलेल्या डब्या ठेवल्या आहेत. बंधूंनीही यावे, घरी जाऊन मुलीबाळींना शिकविता येईल.