घसा, कान आणि आपलीं मुलें
(ज्युबिलीच्या सोहळ्यांत पालकांपुढें केलेलें भाषण)



दर वर्षीं ३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या सणाला, फादर दोन मेणबत्त्या आपल्या गळ्याशीं धरून आशीर्वाद देतात. आर्मेनियांतील सेबास्ते येथील या बिशपांनीं घशांत माशाचा कांटा अडकलेल्या मुलास वांचविलें, अशी कथा आहे. आज मला ज्या रोगाविषयीं बोलावयाचें आहे तो घशापाशीं आरंभ पावतो आणि कानांत घर करितो.

नाकाच्या मागून मध्यकर्णापर्यंत एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकांतील इटालियन वैद्य युस्टाकी यांचें नांव तिला आहे. लहान मुलांत ती आंखूड व जवळजवळ आडवी असते. पडसें झालें किंवा नाकामागील ॲडिनॉइड फुगलें कीं ती बंद होते. आंत पाणी सांचतें, कधीं पू होतो, आणि पडदा फुटून कान वाहूं लागतो. मुलास उताणें निजवून बाटलीनें दूध पाजणें आणि घरांतील विडीचा धूर हींही या रोगास साह्य करितात.

कान वाहूं लागला कीं आपल्याकडे लसूण घालून तापविलेलें तेल ओततात. फुटलेल्या पडद्यांतून तें थेट मध्यकर्णांत जातें! कृपा करून कानांत कांहीं घालूं नका. कान कोरडा ठेवून मुलास डॉक्टरांकडे न्या.

बडनेऱ्याच्या जंक्शनाशेजारीं वाढणाऱ्या मुलास इंजिनाची शिट्टी ऐकूं येते, तेव्हां कान धड आहे असें आपण मानितों. शिट्टी मोठी असते. हळू बोललेले शब्द मात्र निसटतात. मीं स्वतः एका विद्यार्थ्यास लक्ष देत नाहीं म्हणून मागील बाकावर बसविलें होतें. वर्षभरानें कळलें कीं त्याचे दोन्ही पडदे फुटलेले होते. मागील बाकावर त्यास जें थोडें ऐकूं येत होतें तेंही मींच हिरावून घेतलें. पुढें शस्त्रक्रिया झाली. आतां तो पुढें बसतो आणि फार बोलतो.

टॉन्सिल सुजले कीं ते काढावेच, असें नाहीं. वारंवार ताप येत असेल किंवा झोपेंत श्वास अडत असेल तरच तसा विचार करितात. परंतु डॉक्टरांनीं दिलेलें औषध ताप उतरतांच सोडूं नये. घशाच्या एका प्रकारच्या जंतुदोषानंतर कांहीं मुलांस सांधेताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडतात. पडशानंतर मानेंत लहान, हलणाऱ्या गांठी येतात, त्यांचें भय नको. मात्र न दुखतां आठवडेच्या आठवडे वाढणारी गांठ गंडमाळ, म्हणजे क्षय, असूं शकते. त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें.

२०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडींत व सरकारी शाळांत येतें आणि कानही तपासतें. त्या दिवशीं मुलास घरीं ठेवूं नका, आणि कान कधीं वाहिला होता तें मुलाच्या वहींत लिहून पाठवा.