ट्रकात काय, खांद्यावर काय

मला विषय दिलाय की नवीन वारकऱ्यानं बरोबर काय घ्यावं. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनाला प्रमाणं पाठ असतात, पण या विषयाला प्रमाण आपल्या पायांचंच.

माझ्या आज्याच्या वेळी दिंडीचं सामान बैलगाडीतून जायचं. बैलाला किती ओढवतं हे शेतकऱ्याला ठाऊक, म्हणून वळकटी बारकी असायची. आता ट्रक आला आणि वाटायला लागलं, ट्रकाला काय, टाका कितीबी. पण चढवतं कोण? आपलीच पोरं. पहाटे चढवायचं, सांजेला उतरवायचं, असं अठरा-वीस दिवस. म्हणून जी वळकटी तुम्हाला स्वतःला उचलून ट्रकाच्या फाळक्यापर्यंत नेता येत नाही, ती घरीच सोडायची. एक सतरंजी, एक चादर, अंगावरचे सोडून दोन जोड कपडे, ताट, तांब्या. वळकटीवर रंगानं नाव घाला. शंभर वळकट्यांत निळ्या पिशव्याच चाळीस निघतात.

आता खांद्यावरची पिशवी. हे नीट ऐका. ट्रक आपल्याबरोबर चालत नाही. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, ३०-३२ किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. गाड्या दुसऱ्या वाटेनं वळवतात, गर्दीत अडकतात. कधी आपण तळावर आधी आणि ट्रक रात्री. मागं एका वर्षी आपल्यातल्या एका आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या ट्रकातल्या वळकटीत राहिल्या. घाटात चक्कर येऊन त्या खाली बसल्या. बायांनी पदरानं वारा घातला, पोरांनी उचलून सरकारी दवाखान्याच्या गाडीपर्यंत नेलं, म्हणून निभावलं. तेव्हा गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, पाण्याची बाटली, शेंगदाणे-गूळ आणि पावसाचा कागद हे अंगावरच पाहिजे. साखरेची गोळी नाहीतर इन्सुलिन चालू असेल त्यानं एकादशी धरायची का नाही, हे डॉक्टरला विचारूनच ठरवावं. पांडुरंग त्यावरून रुसत नाही.

छत्री आणू नका. हातात टाळ, खांद्याला खांदा, त्यात छत्रीची काडी शेजारच्याच्या डोळ्यात जायची. प्लास्टिकचा कागद घ्या, चांगला जाड, डोक्यावरून इरल्यासारखा घेता येईल एवढा. तोच रात्री सतरंजीखाली अंथरायचा. काळ्या रानात तंबू पडला आणि पाऊस झाला तर खालून वल येते, वरून नाही.

नवीन चप्पल घेऊन वारीला येणारा माणूस लोणंदला लंगडतो. दोन महिने वापरलेली, पायाला बसलेली घ्या. फोड आला तर सोलू नका, स्वच्छ फडकं बांधा. लाज सोडून सांगतो, भिजल्या धोतरानं मांड्या सोलवटतात, ते पायाच्या फोडापरीस वाईट. सकाळी निघतानाच खोबरेल लावा. बायांनीही. रात्री काशाची वाटी आणि तेल दिंडीत आहे, ते आणायची गरज नाही.

सोनं घरी ठेवा. पैसे एका खिशात नकोत. मोबाईलचं सांगून उपयोग नाही, तो आणणारच तुम्ही, पण चार्जिंगच्या बोर्डापाशी भांडणं करू नका.

आणि एक कागद. त्यावर नाव, गाव, घरचा नंबर, आपल्या दिंडीचा क्रमांक, आणि रथापुढं का रथामागं ते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात. चुकलेल्या माणसाला नुसतं "माउलींच्या पालखीबरोबर आलोय" म्हणून कोण शोधणार? सगळेच माउलींबरोबर आलेले. रथामागं अमुक नंबर म्हटलं की कुणीही वारकरी हाताला धरून आणून सोडतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे कागद मी लिहून देतो.

निघायच्या आदल्या दिवशी चार वाजता वळकट्या देवळात आणा. धान्य मोजायचा काटा मी घेऊन येतोय. दहा किलोच्या वर जे भरंल ते तिथंच उघडू, आणि काय परत न्यायचं ते तुमच्या घरच्या माणसासमोरच ठरवू.