जॅकेटच्या आतलं कापड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चामड्याचं जॅकेट घेताना आपण रंग बघतो, चेन ओढून बघतो, चामडं हुंगतो. आत हात घालून अस्तर मात्र फारसं कोणी बघत नाही. माझ्या मुलीनंही बघितलं नव्हतं. पहिल्या पगारातून तिनं मला जॅकेट आणलं. नाशिकच्या थंडीत पहाटे स्कूटरवरून जाताना अब्बांना वारा लागू नये, एवढाच तिचा हेतू. पण थोड्या वेळात सदरा घामानं पाठीला चिकटायचा आणि जॅकेट काढलं की गार पडायचा. चार दिवसांनी मी ते खुंटीला लावलं. मुलगी काही बोलली नाही. येता-जाता खुंटीकडे बघायची.

पुढे मुंबईला गेलो तेव्हा जॅकेट धारावीत नेलं. तिथल्या वयस्क कारागिरानं ते उलटं केलं, शिवणीतून एक धागा काढला आणि काडी लावली. धागा वितळून त्याची कडक गोळी झाली. "पॉलिएस्टर आहे, भाईजान." सुती किंवा व्हिस्कोस असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती.

गोम इथेच आहे. चामडं वारा अडवतं, तसा घामही सहजी बाहेर जाऊ देत नाही. तो टिपायचा अस्तरानं. साधारण हवेत १०० ग्रॅम पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही ओल धरत नाही. सुती कापड ७-८ ग्रॅम धरतं, व्हिस्कोस ११ ग्रॅमच्या आसपास.

मग सगळं सुतीच लावावं का? तर नाही. सुती कापड बाहीत अडतं. हात घालताना सदऱ्याची बाही वर गोळा होते. म्हणून अंगाला सुती, बाह्यांना गुळगुळीत व्हिस्कोस. व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर पडतं, तेव्हा काखेत दुहेरी शिवण मागावी. ब्लाउजचं अस्तर बायका आधी भिजवून आटवून घेतात, तसंच इथलं सुतीही आटवून घ्यावं. पाठीत मधोमध एक चुणी हवीच. चामडं थोडं ताणतं, अस्तर ताणत नाही. चुणी नसली तर हँडल धरायला हात पुढे करताच ते उसवतं.

पॉलिएस्टर टाकाऊ आहे असं नाही. ते टिकतं, लवकर वाळतं. लेह-शिमल्याकडे जाणाऱ्यांनी पातळ भरण घातलेलं क्विल्टिंगचं अस्तर घ्यावं. मात्र जॅकेट थोडं सैल निवडावं. आणि चामडं घरी धुता येत नसलं, तरी अस्तर बदलता येतं, हे विसरू नये.

परवा पहाटे मी जॅकेट चढवत होतो. मुलीनं आतून चाचपून पाहिलं. "अब्बा, हे मी आणलेलं नाही."

"तूच आणलंयस, बेटा," मी म्हटलं. "आतून फक्त माझ्या अंगाचं करून घेतलं."