मुस्लिम समाजाची मोजदाद आणि आपण



बौद्धांच्या सभेत मुसलमानांच्या प्रश्नावर भाषण कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही सरकारी कागदातूनच देतो. २३ ऑक्टोबर १९९३ रोजी केंद्र सरकारने पाच समाज अल्पसंख्याक म्हणून जाहीर केले : मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी. पुढे २००८ साली देशातील नव्वद अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी विकासाची योजना आली, तीत महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशिम हे जिल्हे होते. तेथे अल्पसंख्य म्हणून जी डोकी मोजली, ती मशिदीच्या गल्लीतली होती तशी विहाराच्या वस्तीतलीही होती. २०११ च्या जनगणनेत राज्यात मुस्लिम ११.५४ टक्के आणि बौद्ध ५.८१ टक्के भरले. दोन्ही मिळून सहा माणसांत एकाहून किंचित जास्त. एका यादीत बसलेल्या दोन समाजांनी एकमेकांचे आकडे ठाऊक करून घेऊ नयेत काय?

मोजून मागण्याची रीत आपल्याला नवी नाही. ती बाबासाहेबांनी घालून दिली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे, १९२८ साली सायमन कमिशनपुढे ते गेले ते आकडे घेऊन गेले. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचे प्रमाण सांगितले. दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची मुले ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागासलेल्या वर्गाची फक्त १८. कॉलेजात तर दोन लाखांमागे पुढारलेले हजार, मुसलमान ५२, मधले १४ आणि मागासलेले शून्य.

विद्यार्थी मित्रहो, हे आकडे वहीत उतरवून घ्या. त्या काळच्या मुंबई इलाख्यात शाळेच्या बाबतीत मुसलमान दुसऱ्या क्रमांकावर होता. परंतु या ९२ मध्ये मुंबई-गुजरातचा बोहरा, खोजा, मेमन व्यापारी किती आणि आपल्या गावचा मुलाणी किती, हे त्या आकड्यात दिसत नाही. सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. ती श्रीमंताच्या बेरजेत गरिबाला झाकते.

आपल्या बारामती-इंदापूर भागातला मुसलमान कोण, ते आठवून पाहा. मुलाणी, तांबोळी, अत्तार, बागवान, मणियार, पिंजारी, शिकलगार, खाटीक. ही सगळी धंद्यांची नावे आहेत. मुलाणी तर गावगाड्यातला बलुतेदार. बकरे हलाल करायचे, मशिदीत दिवा लावायचा आणि सुगीला बलुते मागायचे. महाराच्या हक्काची भाकर आणि मुलाण्याचे बलुते एकाच खळ्यावरून निघत होते. (दोघांना सारखा मान होता असे मात्र आम्ही म्हणत नाही. शिवाशिवीचा चटका महारालाच बसत होता.) असा हा समाज अरबस्तानातून आलेला नाही, इथल्याच मातीतला आहे. तरीही धोरण करणारा त्याला एकसंध 'मुसलमान' म्हणून पाहतो.

आता सच्चर समितीकडे येऊ. दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २००५ मध्ये ही समिती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. मुसलमानांचे लाड होतात, हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर पुष्कळदा ऐकतो. समितीने लाडांचा हिशेब काढला. देशात मुसलमान १३.४ टक्के, पण आयएएसमध्ये ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के. सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी पाव हिस्सा एक तर शाळेत गेलेलाच नाही, नाही तर शाळा सोडून बसलेला. मुसलमानांची पोरे मदरशातच जातात हा दुसरा समज. शाळेच्या वयाच्या मुलांत मदरशात जाणारी समितीला सुमारे ३ टक्केच आढळली. बाकीची जातात ती आपल्या मुलांच्याच शाळेत, त्याच गळक्या वर्गात.

या समितीच्या सात सदस्यांत एकही स्त्री नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला होता. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, ते जोतिबांचे नाव घेऊन. एवढे होऊनही चाळीस वर्षांनी समाजाची मोजदाद करायला पुरुषच बसले.

महाराष्ट्राचे आकडे पाहिले की चकित व्हायला होते. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७६.९ टक्के, मुसलमानांची ७८.१. म्हणजे मुसलमान पुढे! एखादा मंत्री एवढाच आकडा वाचून फाईल मिटेल. परंतु राज्यातला सुमारे सत्तर टक्के मुसलमान शहरात राहतो, आणि शहरात सगळ्यांचीच साक्षरता जास्त असते. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागवाल्याची तुलना मेळघाटाशी करायची की पुण्याच्या सदाशिव पेठेशी? कोणाशी तुलना करायची हे ज्याने ठरवले, त्याने निकालही ठरवला. संशोधनातली अर्धी मारामारी इथेच असते.

राज्य सरकारने २००८ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी महमूदुर रहमान यांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि तिने आठ टक्के आरक्षण सुचवले. जुलै २०१४ मध्ये वटहुकूम निघाला : मराठा समाजाला १६ टक्के, मुस्लिमांतील मागास गटांना ५ टक्के. त्याच नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षण थांबवले, मुस्लिमांच्या नोकरीतल्या जागाही थांबवल्या, पण शिक्षणातले पाच टक्के तात्पुरते चालू ठेवले. न्यायालयात जे टिकले ते विधिमंडळात मेले. डिसेंबरात वटहुकुमाची मुदत संपली आणि मुस्लिमांसाठी कायदा झाला नाही. मराठा आरक्षणासाठी पुढे मोर्चे निघाले, आयोग बसले, कायदे झाले. पाच टक्क्यांचे नाव निवडणुकीच्या भाषणात तेवढे निघते.

आता दाखल्याची गोष्ट. तांबोळी, पिंजारी, बागवान अशा पुष्कळ जाती राज्याच्या मागासवर्गाच्या याद्यांत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, विलास सोनवणे यांनी साथ दिली, दिलीपकुमारसारखा नट सभांना आला, त्याचे हे फळ. पण ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी 'मुसलमान' एवढेच लिहिलेले असते. आमच्या पाहण्यात असे दाखले आहेत. धंदा तांबोळ्याचा, आडनाव तांबोळी, आणि कागदावर जात नाही.

हे ऐकून येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना स्वतःचे दिवस आठवले असतील. १९५६ नंतर आपल्या मुलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' लागले आणि केंद्राच्या सवलती गेल्या. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतले. बौद्धांना घ्यायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे! मुसलमान आणि ख्रिश्चन झालेले दलित अजून बाहेरच आहेत. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आपल्या ताटातला वाटा कमी होईल, अशी भीती आपल्यापैकी काहींना वाटते. भीती खोटी नाही, वाटा वाढवून मागण्याचा प्रश्न त्यातून येतोच. पण धर्म बदलला म्हणून विषमता संपत नाही, हे चौतीस वर्षे आपणच सांगत होतो. तेच दुसऱ्याने सांगितले तर आम्हाला कान झाकता येत नाहीत.

२०२७ च्या जनगणनेत जात नोंदवली जाईल, असे केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. मोजणारा दारात येईल तेव्हा मुलाण्याच्या घरात काय सांगितले जाईल, 'मुसलमान' की 'मुलाणी'? ते त्यांनी ठरवायचे. पण काय सांगितल्याने काय होते, एवढे त्यांना ठाऊक असावे. पिंपळीच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की त्यापूर्वीच्या सुट्टीत दोन-दोघांनी वह्या घेऊन निघावे. आपल्या वस्तीतली घरे घ्या, मुस्लिम घरेही घ्या. नाव लिहू नका. घरात माणसे किती, शाळा कोणी कितवीत सोडली, मुलीने कधी सोडली, जमीन किती, मजुरी कुठे, आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय आहे, एवढे लिहा. मुलींचे उत्तर आईला विचारा, बापाला नको. आपल्यातल्या मुली बरोबर असतील तर ते सोपे जाईल. वह्या भरल्या की संस्थेत आणून द्या, बेरजा करायला आम्ही बसू.